जंगल आणि पर्यावरणाच्या निर्णयांवर आमदार-मंत्र्यांना जाब कसा विचारायचा: कागदापासून सभागृहापर्यंत

निवेदन दिलं, आमदारांसोबत फोटो काढला, दोन दिवसांनी तो स्थानिक पेपरात छापून आला आणि सहा महिन्यांनी जंगलातून रस्ता गेलाच. हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. माणसं प्रामाणिक असतात, जंगलाबद्दल त्यांना खरोखर तळमळ असते, पण निवेदनात तीन चुका हटकून असतात. ज्याच्या हातात निर्णयच नाही त्याला ते दिलेलं असतं. त्यात मोजता येईल अशी एकही मागणी नसते. आणि ते मुदत संपल्यावर दिलेलं असतं.

मंत्र्याला ‘वाघ वाचवा’ म्हटलं की तो ‘वाचवूच’ म्हणतो आणि गाडीत बसतो. ‘अमुक तारखेच्या बैठकीत तुम्ही मंजुरी दिलीत, तेव्हा समोर कोणता अहवाल होता?’ असं विचारलं की त्याला नस्ती (त्या विषयाची सरकारी फाइल) मागवावी लागते. या दुसऱ्या प्रश्नापर्यंत कसं पोचायचं, ते खाली पायरीपायरीने लिहिलं आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. कुठे मोडायचा, तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. लेख महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. केंद्राचे कायदे गोव्यालाही तेच लागू आहेत, फक्त विधानसभेचे नियम आणि राज्याची माहिती अधिकाराची नियमावली वेगळी आहे.

## तयारी: वही, नकाशा आणि चार माणसं

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर काय घडलं आणि कधी, उजव्या पानावर त्यातून कोणती मुदत सुरू झाली आणि ती कधी संपते. ही वही पुढे तुमच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. मोबाईलमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतील, पण बैठकीत चार जणांना एकदम दाखवायला वहीच बरी पडते.

नकाशावर जागा पक्की करा. ‘डोंगरापलीकडचं जंगल’ कुठल्याही कार्यालयात चालत नाही. महसुली जमीन असेल तर गट क्रमांक, वनजमीन असेल तर कक्ष क्रमांक लागतो. वनरक्षकाला विचारलं तर तो कक्ष क्रमांक उभ्या उभ्या सांगतो.

माणसं चार पुरतात. एक मराठीत नीट लिहिणारा, एक इंग्रजी अहवाल वाचू शकणारा, एक ती जमीन पायाखालून गेलेला (गुराखी असेल तर फारच उत्तम) आणि एक मुदती सांभाळणारा. या चौथ्या माणसाकडे दुसरं काहीही काम देऊ नका.

सावधान: बिबट्याची गुहा, गिधाडाचं घरटं, वाघिणीची बसायची जागा यांचे अचूक अक्षांश-रेखांश व्हॉट्सॲपवर किंवा पत्रकार परिषदेत देऊ नका. ते वन खात्याला बंद लिफाफ्यात द्या आणि पोच घ्या. शिकारीही बातम्या वाचतात.

## पायरी १: निर्णय कोणाच्या हातात आहे ते आधी शोधा

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. एकाच रस्त्याला किंवा खाणीला तीन वेगवेगळ्या परवानग्या लागू शकतात आणि तिन्हींचे मालक वेगळे असतात.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातली जागा असेल तर विषय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली राज्य वन्यजीव मंडळाकडे जातो. या मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, उपाध्यक्ष वनमंत्री, आणि विधानमंडळाचे तीन सदस्यही त्यावर असतात. हे तीन आमदार कोण, ते शोधून काढा. मंजुरीच्या टेबलावर ते स्वतः बसलेले असतात, तरी त्यांना कोणी कधी विचारत नाही. मंडळाची वर्षातून किमान दोनदा बैठक झाली पाहिजे असं कायदाच सांगतो, त्यामुळे ‘गेल्या वर्षी बैठका किती झाल्या?’ हाही रास्त प्रश्न आहे. पुढची मंजुरी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची. तिचे अध्यक्ष केंद्रीय पर्यावरणमंत्री.

वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची असेल तर १९८० च्या वन अधिनियमाखाली केंद्राची मान्यता लागते. पर्यावरण मंजुरी मोठ्या, ‘अ’ वर्गातल्या प्रकल्पांना केंद्रीय मंत्रालय देतं आणि ‘ब’ वर्गाला राज्यस्तरीय प्राधिकरण. शहरातली झाडं हा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा विषय आहे.

ताडोबाजवळच्या बंदर कोळसा खाणीचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये ती लिलावाच्या यादीत आली. लिलाव केंद्राचा होता, त्यामुळे चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना कितीही निवेदनं दिली असती तरी ती फिरून कुठेतरी पडली असती. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांना पत्र लिहून विरोध नोंदवला आणि त्याच वर्षी खाण यादीतून निघाली. तुमच्या राज्यातल्या मंत्र्याकडे निर्णय नसला, तरी केंद्राला पत्र लिहिणं त्याच्या हातात असतं. मग मागणी तीच करा, आणि पत्राची प्रत मागा.

तपासणी: ‘हा निर्णय ____ यांनी ____ कायद्याच्या ____ कलमाखाली घ्यायचा आहे’ हे वाक्य रिकाम्या जागा भरून लिहिता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: कायद्यात ‘करील’ आहे की ‘करू शकेल’, ते वाचा

ज्या कलमात सरकारवर बंधन आहे, तिथे मंत्र्याचं ‘आम्ही विचार करू’ हे उत्तर होऊच शकत नाही. गोव्यातल्या म्हादई अभयारण्याबाबत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने व्याघ्र प्रकल्पाची शिफारस केली होती. राज्यातले राजकारणी ‘गोव्यात गरज नाही’ म्हणत राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेलं. २४ जुलै २०२३ रोजी न्यायालयाने तीन महिन्यांत अधिसूचना काढा असं सांगितलं, कारण शिफारस आल्यावर राज्याने काय करायचं ते वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३८-व्ही मध्येच लिहिलेलं आहे. गोवा सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण मुद्दा लक्षात घ्या: ‘गरज आहे की नाही’ या वादात कार्यकर्ते अडकले असते तर अजूनही तिथेच असते. त्यांनी कलमावर बोट ठेवलं.

कायद्याचं मराठी भाषांतर मिळालं तर वाचा, पण मूळ इंग्रजी कलम शेजारी ठेवा. आणि सुधारणा झालेली प्रत आहे ना, ते बघा. १९८० च्या वन अधिनियमात २०२३ मध्ये मोठे बदल झाले, तरी जुनी प्रत पुढे करून वाद घालणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात.

## पायरी ३: नस्ती हातात आणा

आधी फुकट मिळतं ते घ्या. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पाचा अर्ज, नकाशे, समित्यांच्या विषयसूची आणि इतिवृत्तं असतात. वनजमिनीच्या प्रस्तावात उपवनसंरक्षकांनी भरायचा भाग २ आवर्जून उघडा. तिथे त्या जागेत दुर्मीळ प्राणी आहेत का, जागा वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गात येते का, असे रकाने असतात. गावात ज्या ओढ्यावर दर उन्हाळ्यात वाघाचे पगमार्क दिसतात, तिथे त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असेल, तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं माहितीच्या अधिकारातून. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा ऑनलाइन भरा. उत्तराची मुदत ३० दिवस. नमुना असा:

> विषय: ____ अभयारण्यातून जाणाऱ्या ____ रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव. कालावधी: दि. ____ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत.
> १. या प्रस्तावाच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहाराची सर्व पाने.
> २. राज्य वन्यजीव मंडळाच्या ज्या बैठकीत हा विषय आला, तिची विषयसूची व इतिवृत्त.
> ३. उपवनसंरक्षकांचा स्थळपाहणी अहवाल.
> ४. या प्रस्तावाबाबत मंत्री, खासदार, आमदार यांच्याकडून आलेली पत्रे.
> ५. नस्तीच्या प्रत्यक्ष पाहणीसाठी दिनांक व वेळ.

चौथा मुद्दा कधीही गाळू नका. एका रस्त्याच्या वेळी आमच्या भागातले एक लोकप्रतिनिधी गावच्या सभेत ‘मी जंगलाच्या बाजूने आहे’ म्हणाले होते. नस्तीत त्यांचंच पत्र निघालं, ‘सदर काम प्राधान्याने मंजूर व्हावे’ असं, सभेच्या तीन आठवडे आधीचं. ते पत्र आम्ही कुठेही छापायला दिलं नाही. त्यांच्या समोर ठेवलं आणि भुयारी मार्गाची मागणी करणारं दुसरं पत्र मागितलं. ते मिळालं.

पाचवा मुद्दाही महत्त्वाचा. छायाप्रतींत पानं गळतात, पाहणीत गळत नाहीत. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णयही आहे. त्याची प्रत खिशात ठेवून जा.

नेहमीच्या चुका:

- ‘परवानगी का दिली?’ असं विचारणं. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. कारण हवं असेल तर ‘कारणांची नोंद असलेली टिपणी’ मागा.
- चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला म्हणून परत पाठवला, तर मुकाट्याने घेणं. अर्ज योग्य कार्यालयाकडे ५ दिवसांत वर्ग करणं ही त्यांची जबाबदारी आहे, कलम ६(३).
- ‘मंत्रिमंडळाचा विषय आहे, देता येत नाही’ हे उत्तर अंतिम मानणं. निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर ती कागदपत्रं खुली करायची, असं कलम ८(१)(झ) मध्येच आहे. इंग्रजी प्रतीत हे ‘आय’ उपकलम आहे.
- पहिलं अपील विसरणं. मुदत ३० दिवस. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. पण तिथे निकालाला वर्षही लागू शकतं, म्हणून दुसऱ्या अपिलावर विसंबून बाकीच्या पायऱ्या थांबवू नका.

## पायरी ४: निवेदन एका पानाचं, आणि मागणी मोजता येईल अशी

आता निवेदन लिहा. आधी नाही.

वर निर्णय, तारीख, नस्तीचा क्रमांक. मधे तुमचा आक्षेप, तीन वाक्यांत. खाली मागणी. ‘वन्यप्राण्यांची काळजी घ्यावी’ ही मागणी नव्हे, ती सदिच्छा आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा दाखला द्या. न्यायालयीन लढाईनंतर महाराष्ट्रातल्या भागात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी ९ बांधकामं झाली, त्यातलं सर्वांत लांब ७५० मीटरचं. वाघ त्याखालून जाताना कॅमेऱ्यांत आले आहेत. म्हणजे मागायचं ते असं: अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ, इतक्या रुंदीचा, इतक्या उंचीचा भुयारी मार्ग. इंजिनिअर आकड्याला उत्तर देतो आणि मंत्रीही त्याच आकड्यात अडकतो.

निवेदन चार ठिकाणी जातं: निर्णय घेणारा, त्याच्या खालचा अधिकारी ज्याच्या टेबलावर नस्ती आहे, तुमचा आमदार आणि पालकमंत्री. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असल्यामुळे स्थानिक कामांच्या पैशावर त्यांचा हात असतो, हे लक्षात ठेवा.

पोच घेताना डोळे उघडे ठेवा. आवक टेबलावरचा माणूस घाईत असला की नुसती पेनाने सही करून प्रत परत देतो. त्या सहीला पुढे काही किंमत राहत नाही. गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही हवेत. शिक्का पुसट उमटला तर नम्रपणे पुन्हा मारायला सांगा. मी एकदा संकोचाने तसाच निघालो आणि दीड महिन्याने ‘असं पत्र आमच्याकडे आलेलंच नाही’ हे ऐकून घेतलं.

उत्तर येत नसेल तर पुढच्या पत्रात २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा नमूद करा. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं त्याचं कलम १० सांगतं. त्याने चमत्कार होत नाही, पण टेबलावरची नस्ती हलते.

सावधान: निवेदनात किंवा फेसबुकवर ‘पैसे खाल्ले’ लिहू नका. कागदात दिसतं तेवढंच लिहा: ‘नस्तीतील पान ४२ नुसार पाहणी झाली नाही.’ बदनामीचा खटला लढण्यात दोन वर्षं गेली तर जंगल कोण बघणार?

## पायरी ५: सभागृहात प्रश्न

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे लोकांच्या हातात आलेला घास जातो.

आमदाराला ‘आमचा विषय मांडा’ म्हणून सांगू नका. प्रश्न लिहून न्या, आणि तो सभागृहाच्या भाषेत लिहा. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) पद्धत ठरलेली असते: पहिला भाग ‘…हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास…’, आणि शेवटी ‘विलंबाची कारणे काय आहेत’. पहिल्या भागात खोच असते. त्यात एक जरी तपशील चुकला तरी मंत्री उत्तर देतात ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’.

माझा पहिला प्रश्न असाच वाया गेला. एका रस्त्यावर गाड्यांखाली ‘पाच बिबटे मेले’ असं मी लिहिलं होतं. खात्याच्या नोंदीत चार होते, पाचवा शेजारच्या वनविभागाच्या हद्दीत मोजला गेला होता. छापील यादीत उत्तर आलं: ‘हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही.’ चार बिबटे मेले ही गोष्ट त्या तीन ओळींत कुठेच नव्हती. तेव्हापासून पहिल्या भागात मी फक्त तेवढंच लिहितो जे खात्याच्याच कागदात आहे. म्हणून तिसरी पायरी आधी.

नमुना:

> (१) ____ अभयारण्यातून जाणाऱ्या ____ रस्त्याच्या रुंदीकरणास राज्य वन्यजीव मंडळाने दिनांक ____ रोजीच्या बैठकीत मान्यता दिली, हे खरे आहे काय;
> (२) असल्यास, उपवनसंरक्षकांनी दिनांक ____ च्या अहवालात सुचविलेल्या ____ भुयारी मार्गांपैकी किती मंजूर करण्यात आले;
> (३) उर्वरित मंजूर न करण्याची कारणे काय आहेत, व ते कधीपर्यंत मंजूर करण्यात येतील?

पहिल्या भागाला ‘हे खरे आहे’ याशिवाय उत्तरच नाही, कारण इतिवृत्त सार्वजनिक आहे. दुसऱ्यात आकडा द्यावा लागतो. तिसऱ्यात कारण द्यावं लागतं किंवा तारीख, आणि दोन्ही तुमच्या कामाचं.

अधिवेशनं तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांची सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आमदार निवासाच्या दारात उभं राहून तारांकित प्रश्न होत नाही. तेव्हा गेलात तर लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा मागा. आमदारांच्या स्वीय सहायकाशी ओळख ठेवा, सूचना भरण्याचं काम बहुतेक वेळा त्याच्याच हातून होतं.

प्रश्न फेटाळला जाण्याची तीन नेहमीची कारणं आहेत. एक, विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे. तसा असेल तर खासदाराकडे जा. दोन, प्रश्नात मत किंवा आरोप आहे. तीन, विषय न्यायप्रविष्ट आहे. या तिसऱ्यासाठीच सभागृह आधी आणि न्यायालय नंतर हा क्रम ठेवायचा: याचिका दाखल झाली की सभागृहात तोच विषय आणणं कठीण होतं आणि मंत्र्यांना ‘न्यायप्रविष्ट आहे’ एवढं म्हणून बसता येतं. अपवाद पायरी ८ मध्ये आहे.

तुमचा आमदार स्वतः मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही. दुसऱ्या मतदारसंघातला आमदार किंवा विधान परिषदेचा सदस्य चालतो. विरोधी पक्षाचाच हवा असं नाही. सत्ताधारी पक्षातल्या, जंगलाची खरी आवड असलेल्या आमदाराने विचारलेल्या प्रश्नाला मंत्री जास्त जपून उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

तपासणी: प्रश्नातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने नस्तीचा पान क्रमांक लिहा. ज्याच्यासमोर लिहिता येत नाही, तो आकडा काढून टाका.

## पायरी ६: जनसुनावणी आणि हरकती

सुनावणीची जाहिरात पाहिलीत तर आधीच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि इथे या. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात. प्रकल्प अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला ठेवलेला असतो. त्याचा सारांश स्थानिक भाषेत असलाच पाहिजे. मराठी सारांश मिळाला नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. भाषेचा मुद्दा किरकोळ नाही: २०२० च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्यावेळी भाषांतरं नव्हती म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने ती करायला सांगितली आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली.

सुनावणीला अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी. आयोजन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. इथे मतदान होत नाही आणि गणपूर्तीही लागत नाही. त्यामुळे सर्वांत मोठी चूक आहे बहिष्कार टाकणं. बहिष्कार टाकलेल्या गावाची हरकत इतिवृत्तात नसते, सुनावणी मात्र ‘पार पडली’ अशी नोंद होते. दुसरी चूक म्हणजे माइक ओढणं. खुर्च्या फेकल्याचं चित्रण होतं, मुद्दे राहून जातात.

बोलताना आधी नाव आणि गाव सांगा, मग अहवालाचं पान सांगा, मग चूक. ‘पान ११२ वर परिसरात एकच बारमाही ओढा म्हटलंय. आमच्या गावात दोन आहेत, हे त्यांचे फोटो आणि गट क्रमांक.’ तीन मिनिटं पुरतात. बोललात तेच लिहून द्या आणि पोच घ्या. आपल्या बाजूने स्वतंत्र चित्रीकरण करा.

शेवटपर्यंत थांबा. इतिवृत्त तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि लोक नेमके तेव्हा जेवायला गेलेले असतात. आपला मुद्दा आला नसेल तर लगेच हात वर करा. पुढे हे इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचं असतं, आणि त्यावरचे आक्षेप थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला पाठवता येतात. हा दरवाजा उघडा असतो हे फार थोड्यांना माहीत आहे.

मसुदा अधिसूचनांवरच्या हरकतींचंही तसंच. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनक्षेत्राचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये आला, सहावा ३१ जुलै २०२४ ला. सहाव्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. प्रत्येक वेळी ६० दिवस मिळाले. दर वेळी तीच छापील हरकत हजार सह्यांनी पाठवण्यापेक्षा आपल्या एका गावाची पाणवठ्यांसह माहिती पाठवा. आणि तुमच्या आमदाराला एकच विचारा: आपलं गाव वगळा असं पत्र तुम्ही दिलंय का? गावं वगळण्याची मागणी राज्यातून झालेली आहे. ती पत्रं तिसऱ्या पायरीने मिळतात.

## पायरी ७: आश्वासनाचा पाठलाग

मंत्री सभागृहात ‘तपासून घेऊ’, ‘समिती नेमू’, ‘तीन महिन्यांत कार्यवाही करू’ म्हणाले की ते आश्वासन ठरू शकतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीतला नेमका उतारा काढा, वहीत शब्दशः उतरवा. पेपरातल्या बातमीवर विसंबू नका, बातमीत शब्द बदलतात. उतारा जोडून समितीला आणि प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला पत्र द्या. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न आपोआप तयार होतो: ‘दिनांक ____ रोजी दिलेल्या आश्वासनानुसार नेमलेल्या समितीचा अहवाल प्राप्त झाला, हे खरे आहे काय’.

निवडणूक जवळ आली की उमेदवाराचं शपथपत्र वाचा, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. खाणी, क्रशर, बांधकाम कंपन्यांतले शेअर तिथे दिसतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका, फक्त प्रचारसभेत विचारायचा प्रश्न काढा.

## पायरी ८: न्यायाधिकरण, आणि इथलं घड्याळ

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवस, समर्पक कारण दिलं तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद होतं. इतर तक्रारीसाठी, कलम १४ खाली, ६ महिने. मंजुरी निघाली आणि अधिवेशन दोन महिन्यांनी असेल, तर सभागृहाची वाट पाहू नका. पाचव्या पायरीत म्हटलेला अपवाद तो हाच.

बरेच जण इथे चुकीच्या दारात जातात. हरित न्यायाधिकरणाच्या यादीत सात कायदे आहेत: पाणी, हवा, वन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. वन्यजीव अधिनियम त्यात नाही. वन्यजीव मंडळाच्या मंजुरीला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय गाठा.

मोलेचं प्रकरण इथे वाचण्यासारखं आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीच्या ऑनलाइन बैठकीत गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्याला बाधा आणणाऱ्या कामांचे विषय आले. कार्यकर्त्यांनी इतिवृत्त आणि अभ्यासांतल्या उणिवा पानापानाने मांडल्या. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीचा अहवाल त्यांच्या बाजूने आला आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली.

याच्या उलट मुंबईतलं आरे, जिथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला थांबवलं, तोवर २,१४१ झाडं गेली होती. म्हणून निकालाच्या आदल्या दिवशीच विरुद्ध निकालाची तयारी ठेवा: स्थगितीचा अर्ज टाइप केलेला, वकील त्या संध्याकाळी उपलब्ध, वरच्या न्यायालयात कोणाला फोन करायचा ते ठरलेलं.

## पायरी ९: मंजुरीनंतरची वर्षं

काम सुरू झालं की बहुतेक गट विखुरतात, आणि अटी मोडायला तेव्हाच सुरुवात होते. मंजुरीपत्रातल्या अटी मराठीत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. प्रकल्पधारकाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. वहीच्या उजव्या पानावर या दोन तारखा पुढच्या पाच वर्षांसाठी आजच लिहून टाका.

अहवाल आला की तो घेऊन जागेवर जा, सोबत मोजपट्टी न्या. अहवालात भुयारी मार्गाची उंची पाच मीटर असेल आणि खाली राडारोडा पडून ती साडेतीन उरली असेल, तर पट्टी धरून फोटो काढा. फोटोवर तारीख येऊ द्या, तो अहवालाच्या त्या पानाला टाचा आणि पाचव्या पायरीचा पुढचा प्रश्न लिहायला घ्या.